चाव्या बँकेला दिल्या, तरी उरलेलं कर्ज कुणाचं?

नोकरी गेली, पगार कापला गेला किंवा नवराबायको वेगळे झाले, की गृहकर्जाचा हप्ता एक दिवस झेपेनासा होतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, "फ्लॅट बँकेला देऊन टाकू, त्यांचं ते बघतील. आपण सुटलो." तारण घर आहे, बँक घर घेईल, हिशेब संपला, असं बहुतेकांना वाटतं. अमेरिकेत कुणी नातेवाईक असेल तर तो याला दुजोराही देतो. २००८ च्या मंदीत तिथे लोकांनी घराच्या चाव्या पाकिटात घालून बँकेला पोस्टानं पाठवल्या होत्या. त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असतं. कॅलिफोर्नियात स्वतः राहायला घेतलेल्या घराच्या मूळ खरेदी कर्जावर, लिलावात तूट आली तरी सावकाराला कर्जदाराच्या मागे लागता येत नाही. अमेरिकेतल्याही सगळ्याच राज्यांत हा नियम आहे असं नाही. आपल्याकडे तर मुळीच नाही.

भारतात गृहकर्ज ही कर्जदाराची व्यक्तिगत जबाबदारी असते. घर फक्त तारण असतं. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याचं कलम १३(१०) सरळ सांगतं, की तारण विकून बँकेचं येणं पूर्ण फिटलं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात म्हणजे डीआरटीत, किंवा दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. त्यामुळे घर सोडायचंच ठरलं असेल, तर चाव्या सोडण्याआधी 'आता काही देणं उरलं नाही' असं लिहिलेला कागद कसा मिळेल ते बघायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या कागदासाठी आहेत.

आधी तूट किती ते काढा

शाखेतून तीन गोष्टी लेखी मागा: कर्जखात्याचा उतारा, आजच्या तारखेचं फोरक्लोजर लेटर, म्हणजे आज कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र, आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, तो लावला असेल तर तिथेच हरकत घ्या. २०२४ पासून हप्ता चुकल्याबद्दल दंडव्याज लावता येत नाही. दंड शुल्क लावता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात हे बघाच, कारण जुन्या सवयी सहज जात नाहीत.

मग घराची खरी किंमत काढा. संकेतस्थळावरच्या जाहिरातीतली किंमत धरू नका. तुमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात झालेल्या विक्रीचे नोंदणीकृत करार बघा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बदलापूरचा वन बीएचके. दोन हप्ते थकलेले, आज एकूण देणं ३८ लाख ६० हजार. गिऱ्हाईक ३७ लाखांना तयार आहे. दलाली धरून तूट दोन लाखांच्या आसपास.

आता हेच घर सोडून दिलं असं समजा. नोटिसा, ताबा, लिलाव यात पंधरा महिने गेले. ३८ लाखांच्या मुद्दलावर ९ टक्क्यांनी व्याज झालं साधारण ४ लाख ३० हजार. जाहिराती, मूल्यांकनकार, वकील, सुरक्षारक्षक हा सगळा खर्च तुमच्याच खात्यावर पडतो, तो ७५ हजार धरू. देणं झालं ४३ लाख ६५ हजार. पहिल्या लिलावात कुणी आलं नाही, राखीव (किमान) किंमत उतरवली, दुसऱ्या खेपेला घर साडेएकतीस लाखांना गेलं. तूट १२ लाख १५ हजार. घर गेलेलं, भाडं चालू, आणि या तुटीवर महिन्याला नऊ हजारांच्या वर व्याज. घर तेच, पण स्वतः विकलं तर दोन लाखांत सुटका आणि सोडून दिलं तर बारा लाखांचं ओझं.

नव्वद दिवसांच्या आत

हप्ता चुकल्यापासून नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-अनुत्पादक कर्ज, होतं. त्याआधी बँक ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असते. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, असे पर्याय मागता येतात. तोंडी बोलू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. कर्जाबरोबर विमा गळ्यात मारला होता का तेही पॉलिसी काढून बघा. काही पॉलिसींत नोकरी गेल्यावर थोडे हप्ते भरण्याची सोय असते.

एकदा खातं एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरल्यावरच खातं पुन्हा नियमित धरायचं. म्हणून पुढे घर विकायचंच असेल, तर विक्री होईपर्यंत काहीही करून खातं नव्वद दिवसांच्या आत ठेवा.

हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, पण चेक न वटणं हा गुन्हा आहे, आणि शिल्लक नसल्यामुळे ऑटो डेबिट परत जाणं हासुद्धा २००७ च्या पेमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरतो. नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटला उभा राहू शकतो. अशी नोटीस कपाटात टाकून देऊ नका.

स्वतः विका, आणि नाव तुमचं असतानाच विका

कर्ज असलेलं घर विकता येतं. रोज विकली जातात. गिऱ्हाइकाला आधीच सांगा की कागद बँकेत आहेत, लपवून पुढे सौदा मोडण्यात अर्थ नाही. त्याला फोरक्लोजर लेटर आणि कागदांची यादी दाखवा. तोही कर्ज काढत असेल तर त्याची बँक रकमेचा धनादेश थेट तुमच्या बँकेच्या नावे, तुमचा कर्ज खाते क्रमांक घालून काढते. करारात ही रक्कम कुणाला कशी जाणार ते लिहिलं जातं. टोकन म्हणून मोठी रक्कम मागू नका. अडचणीतल्या माणसानं मागितलेल्या मोठ्या टोकननं गिऱ्हाईक बिचकतं.

तूट असेल तर ती त्याच दिवशी तुम्हाला भरावी लागते, नाहीतर बँक कागद सोडत नाही. ती कुठून आणायची? काही बँका उरलेली रक्कम विनातारण वैयक्तिक कर्जात बदलून देतात. व्याज चढं असतं, पण दोन लाखांचं ओझं बारा लाखांच्या ओझ्यापेक्षा बरं. दागिने, भावाबहिणीकडून हातउसने हेही मार्ग आहेत. भविष्य निर्वाह निधीतून घरकर्ज फेडीसाठी पैसे काढता येतात, पण मी तो हात शेवटी घालीन. पीएफमधली रक्कम कुठल्याही धनकोला जप्त करता येत नाही. ती काढून अर्धीमुर्धी थकबाकी भरली आणि तरीही घर गेलं, तर हाताशी असलेली एकमेव सुरक्षित पुंजीही गेली. तिच्यानं प्रकरण पूर्ण मिटणार असेल तरच वापरा.

हे सगळं सरफेसीच्या कलम १३(२) ची, म्हणजे पूर्ण रक्कम भरा अशी मागणी करणारी, नोटीस येण्याआधी केलेलं चांगलं. त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्यानं देता येत नाही. संमती बहुधा मिळते, कारण लिलावाच्या कटकटीपेक्षा आयतं गिऱ्हाईक बँकेलाही हवंच असतं. ताबा गेल्यावरसुद्धा खासगी वाटाघाटीनं विक्री नियमांत बसते, तेव्हा उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक शोधणं थांबवू नका.

तडजोड: एकेक वाक्य वाचा

तूट भरण्याची ऐपतच नसेल तर एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, मागा. तो तुमचा हक्क नाही. बँकेला ओटीएस द्यायला न्यायालय भाग पाडू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं आहे. म्हणून अर्ज रडगाण्याचा नको, आकड्यांचा हवा. नोकरी गेल्याचं पत्र, आजारपणाची बिलं, घराचं मूल्यांकन, आणि 'अमुक रक्कम अमुक तारखेला भरतो' असा प्रस्ताव. रक्कम कुठून येणार तेही लिहा.

स्वखुशीनं ताबा द्यायला तयार आहात, असं म्हटल्यावर बँक एक छापील पत्र पुढे करते. त्यात बहुधा एवढंच असतं, की कर्जदारानं राजीखुशीनं ताबा दिला. देणं फिटलं असं त्यात कुठेही नसतं. असं पत्र सही करून दिलं तर घरही गेलं आणि घासाघीस करायला हाती काही उरलं नाही. ताबा ही तुमच्याकडची शेवटची किमती वस्तू आहे. तिच्या बदल्यात या अर्थाचा मजकूर बँकेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीनिशी मागा:

"सदर मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम व त्याखेरीज रुपये … मिळाल्यावर कर्ज खाते क्रमांक … मधील मुद्दल, व्याज, शुल्क व खर्च यांसह बँकेचे संपूर्ण येणे फिटले असे मानले जाईल. उर्वरित रकमेसाठी कर्जदार, सहकर्जदार व जामीनदार यांच्याविरुद्ध बँक कोणतीही वसुली करणार नाही व हे येणे अन्य संस्थेस हस्तांतरित करणार नाही."

शेवटचा भाग उगाच घातलेला नाही. थकलेली कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, आणि तीन वर्षांनी भलत्याच नावाच्या कंपनीचं पत्र दारात येतं. तसंच 'राइट ऑफ' या शब्दाला भुलू नका. बँकेनं आपल्या पुस्तकातून रक्कम खोडली, तुमची माफ केली नाही.

मजकूर बँकेला मान्य नसेल तर लोकअदालतीत प्रकरण न्या. तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो आणि त्यावर अपील नसतं.

तडजोडीनं सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालावर, 'सेटल्ड' असा शेरा पडतो. क्रेडिट कंपन्या नोंदी किमान सात वर्षं जपतात, आणि तडजोड केलेल्या बँकेकडून पुढचे किमान बारा महिने नवं कर्ज मिळत नाही. हे वाईट आहे, पण बारा लाखांच्या दाव्यापुढे काहीच नाही. शेऱ्याच्या धास्तीनं तडजोड टाळणारे लोक मला कधी समजले नाहीत.

काहीच जमलं नाही तर: नोटीस ते लिलाव

पहिली येते कलम १३(२) ची मागणी नोटीस. साठ दिवसांत पूर्ण रक्कम भरा, असं ती सांगते. तिला लेखी उत्तर द्या. आकडा चुकलाय, भरलेले हप्ते धरले नाहीत, तडजोडीचा अर्ज पडून आहे, जे असेल ते. तुमच्या हरकतीला बँकेनं पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायला हवं. थकलेली रक्कम एकूण मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर हा कायदा लागूच होत नाही. शेतजमीनही त्यातून वगळली आहे.

घराला कुलूप लावून गावी निघून जाणं ही सगळ्यात घातक चाल. नोटीस दारावर चिकटवली जाते, दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, आणि कायद्याच्या दृष्टीनं ती तुम्हाला मिळालेली असते. जाणारच असाल तर नवा पत्ता बँकेला लेखी कळवा.

साठ दिवसांनंतर येतो सांकेतिक ताबा. दारावर कागद, आणि सात दिवसांत पेपरात ती ओळखीची जाहिरात: "विशेषतः कर्जदार आणि सर्वसाधारण जनता यांना सूचना देण्यात येते की…" खाली तुमचं नाव, सहकर्जदाराचं, जामीनदाराचं, फ्लॅट नंबरासकट चतुःसीमा. नातेवाइकांना बातमी बहुधा इथूनच कळते. घरात मात्र तुम्ही अजून राहत असता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, आणि आदेश झाला की पोलीस बंदोबस्तात कुलूप बदललं जातं, पंचनामा होतो. त्या दिवसाची वाट न पाहता मुलांचे दाखले, औषधं, दागिने, गॅसचं पुस्तक आधीच हलवा.

ताब्याची कारवाई चुकीची वाटत असेल तर ४५ दिवसांत डीआरटीत कलम १७ चा अर्ज करायचा. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. साध्या दिवाणी न्यायालयात मनाई मागून उपयोग नाही, कलम ३४ नं ते दार बंद केलं आहे.

पुढे लिलाव. पहिल्या विक्रीआधी तीस दिवसांची सूचना, फेरलिलावाला पंधरा. राखीव किंमत मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराच्या अहवालावर ठरते, तो अहवाल मागा. किंमत फारच पाडली असेल तर तुमच्याकडचं दुसरं मूल्यांकन जोडून लगेच हरकत घ्या, कारण पाडलेला प्रत्येक रुपया तुमच्या तुटीत जमा होतो. सगळी रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्री होईपर्यंत असायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर सूचना छापून येईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. लिलावात जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे. ते बँकेकडे लेखी मागा.

वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना छळणं तर नाहीच. बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर वाट वेगळी. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती आणतो. सहकारी बँकांना मात्र सरफेसीही वापरता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो प्रश्न निकाली काढला.

तूट उरली: कोण देणार, कशातून

उरलेलं येणं वीस लाख किंवा त्याहून अधिक असेल तर बँक डीआरटीत जाते, कमी असेल तर दिवाणी न्यायालयात. वरच्या उदाहरणातले बारा लाख दिवाणीत जातील. समन्स आलं की हजर राहा. एकतर्फी निकाल लागला की आकड्यावर भांडायची संधी जाते, आणि विक्रीची रक्कम खात्यात नेमकी कधी जमा धरली, खर्च किती लावला, यात भांडण्यासारखं पुष्कळ निघतं. अशा दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपण्याआधी तुम्ही थकबाकी लेखी कबूल केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून 'फक्त शिल्लक पुष्टीचा फॉर्म आहे, सही करा' म्हणणाऱ्याला वकिलाला दाखवल्याशिवाय सही देऊ नका.

हुकूमनामा झाला तरी सगळंच ओरबाडता येत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर असतो. एका हुकूमनाम्यासाठी पगारजप्ती चोवीस महिन्यांपुरतीच चालते. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आयुर्विम्याची रक्कम सुरक्षित. मुदत ठेवी, शेअर, दुसरी जागा, गावचा वाटा मात्र नाही. 'तुरुंगात टाकू' ही धमकी पोकळ आहे. ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते, निव्वळ गरिबीसाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे.

सहकर्जदार पूर्ण रकमेला बांधील असतो, निम्म्याला नव्हे. घटस्फोटाच्या करारात 'हप्ते नवरा भरील' असं लिहिलं तरी बँक त्या कराराची पक्षकार नसते. ती बायकोलाही धरू शकते. जामीनदाराकडे तर घर विकण्याआधीही जाता येतं. त्यामुळे घर सोडायचा विचार असेल तर जामीन राहिलेल्या मेहुण्याला पेपरातून कळण्याआधी तुम्ही सांगा. कर्जदार वारला तर वारसांची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, वारस स्वतः सहकर्जदार नसतील तर.

ज्यांचं घर बिल्डरनं बांधलंच नाही, त्यांनी रागानं हप्ता थांबवू नये. बँकेशी करार वेगळा, बिल्डरशी वेगळा. महारेरात, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाकडे, रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याजासह परतावा मागा, आणि तो मिळेपर्यंत बँकेशी लेखी बोलत राहा.

कर आणि शेवटचे कागद

घर बँकेनं विकलं तरी आयकराच्या दृष्टीनं विकणारे तुम्ही. पैसा तुमच्या हाती न येता थेट कर्जात गेला, तरी भांडवली नफा तुमच्याच नावे मोजला जातो. नव्या फ्लॅटमध्ये तोटाच असतो, पण धंद्यासाठी आजोबांचं जुनं घर तारण ठेवलं असेल तर मोठा नफा निघतो आणि कर भरायला हातात दमडी नसते. सीएला लिलावाआधी भेटा. पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या सौद्यात खरेदीदारानं एक टक्का कर कापलेला असतो, तो तुमच्या फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या नोंदीत, दिसायला हवा. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर गेलं, तर मुद्दलावर घेतलेली ८० सी ची सवलतही उलटते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत बँकेनं मूळ कागद परत करायचे असतात. उशीर तिच्यामुळे झाला तर रोजचे पाच हजार रुपये भरपाई. घर विकलं गेलं असेल तर कागद खरेदीदाराकडे जातील, पण थकबाकी नसल्याचा दाखला तुमच्या नावानं घ्या, आणि जामीनदारासाठी वेगळी प्रत घ्या. दुसरी एखादी जमीन जोडतारण दिली असेल तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतला बोजा तलाठ्याकडे अर्ज करून कमी करून घ्या, तो आपोआप उतरत नाही. मग दोनेक महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा. कर्ज अजून थकीत दिसत असेल तर दाखला जोडून दुरुस्तीची मागणी टाका.